मधुमेह, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

"डॉक्टर, शुगरसाठी अँटिऑक्सिडंट सुरू करू का?" हा प्रश्न आता मोडनिंबसारख्या गावातही नेहमीचा झाला आहे. काही जण या महागड्या गोळ्या आधीच घेत असतात आणि खर्चाचा मेळ बसवायला मेटफॉर्मिन मात्र एक दिवसाआड घेतात. हा सौदा तोट्याचा आहे. का, ते समजून घेऊ.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?

पेशीतील मायटोकाँड्रिया म्हणजे आपली चूल. तिथे साखर आणि चरबी ऑक्सिजनच्या मदतीने जळते व ऊर्जा मिळते. चूल पेटली की थोडा धूर होणारच. फ्री रॅडिकल्स हा तो धूर. तो काढून टाकायला शरीराकडे ग्लुटाथायोन, कॅटालेज अशी स्वतःची यंत्रणा असते. धूर तिच्या आवाक्याबाहेर गेला, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

रक्तात साखर आणि चरबी सतत जास्त राहिली, की चुलीत गरजेपेक्षा जास्त लाकडं कोंबल्यासारखं होतं. इन्सुलिनचा निरोप पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचं संरक्षण मुळातच कमकुवत, त्या थकतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि पुढे डोळे, किडनी व नसांना इजा होते. मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये 'नेचर'मध्ये या सगळ्या गुंतागुंतींमागे हेच समान कारण असल्याची मांडणी केली होती.

"मी तर बारीक आहे!"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, हे चित्र नेहमीचं. पोटातली ही चरबी यकृताला सतत जादा इंधन पुरवत राहते. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या मापाकडे लक्ष द्या.

मग गोळीने धूर कमी का होत नाही?

कल्पना चांगली होती, पण चाचणीत टिकली नाही. 'होप' या मोठ्या अभ्यासात (2000) व्हिटॅमिन ई रोज 400 युनिट देऊनही हृदयविकार कमी झाला नाही. त्याच रुग्णांच्या पुढच्या पाहणीत (2005) हार्ट फेल्युअरचं प्रमाण उलट जास्त दिसलं. फिनलंडमध्ये (1994) धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढला. जर्मनीतील 2009 च्या एका अभ्यासात तर व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा फायदा व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्यांमुळे बुजला. कारण व्यायामात होणारा थोडासा धूर हाच शरीराला स्वतःची यंत्रणा बळकट करण्याचा इशारा असतो. गोळी तो इशाराच पुसून टाकते.

मग करायचं काय?

• चुलीत लाकडं कमी घाला: गोड चहा, बेकरीचे पदार्थ, रात्रीचं उशिराचं भरपेट जेवण कमी करा.
• रोज किमान अर्धा तास भरभर चाला. शेतात दिवसभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.
• बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद.
• ज्वारीची भाकरी भूक पाहून. सोबत पालेभाजी, डाळ, मूठभर शेंगदाणे.
• डाळिंब आपल्या जिल्ह्याचं वैभव. दाणे चावून खा, रस नको. त्यात चोथा जातो, साखर उरते. आणि डाळिंब हे फळ आहे, शुगरचं औषध नव्हे.
• साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉलची औषधं रोज, वेळेवर.

एक अपवाद. तपासणीत बी-12 किंवा लोह कमी आढळलं, तर ते घ्यायलाच हवं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी, बी-12 तपासून घ्यावं. ही कमतरता भरून काढणं आहे, अँटिऑक्सिडंटचा उपचार नाही.

पुढच्या वेळी तपासणीला येताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पाकिटं पिशवीत घालून आणा. कोणतं ठेवायचं आणि कोणतं थांबवायचं, ते आपण बसून ठरवू. तोपर्यंत शुगरची गोळी मात्र चुकवू नका.