छाटणीची कात्री
गुलाबाची छाटणी पाऊस सरला की ऑक्टोबरात करायची. पण स्वयंपाकघरातल्या कात्रीने नव्हे हं! तिने फांदी चेंगरते नि मग टोकापासून काळी पडत खाली वाळत येते. त्यासाठी सिकेटरच हवा, तोही एक पाते दुसऱ्याला घासून पुढे सरकणारा. सपाट पट्टीवर पाते टेकणारा वाळक्या काटक्यांपुरता ठीक. दुकानातच मुठीत धरून, उघडमीट करून पाहावा. पुरुषी मापाचा असला तर दहा फांद्यांतच हात भरून येतो. रोगट फांदी कापल्यावर पाती स्पिरिटने पुसावीत, नाहीतर रोग शेजारच्या झाडावर जातो. काम झाले की चीक पुसून स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा. धार फक्त पात्याच्या उतरत्या बाजूला. आणि ‘ह्यांनी’ तार कापायला मागितला, तर पक्कड पुढे करावी!