‘विस्मृत’ नव्हे, नाकारलेले सुवर्ण

मुरलीकांत पेटकरांना ‘विस्मृत नायक’ म्हणणे ही व्यवस्थेची सोय आहे; विस्मृतीला गुन्हेगार नसतो. 1965च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानाने 1972 साली हायडलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. नोंद लपलेली नव्हतीच. तरी 1982 साली अर्जुन पुरस्कारासाठीचा अर्ज फेटाळला गेला. पद्मश्री 2018 मध्ये. जीवनगौरवाचा ‘अर्जुन’ थेट 2025 मध्ये, चित्रपट येऊन गेल्यावर!

पेटकरांचे पेठ आज सांगलीत असले तरी त्यांच्या जन्मकाळी सातारा जिल्ह्यातच होते. त्याच जुन्या साताऱ्याचे, गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीत कांस्य. ‘अर्जुन’ मात्र मरणोत्तर. यालाही विस्मृतीच म्हणायचे?