बरणीतला कायदा

जून उजाडला की जपानी दुकानांत हिरव्यागार उमे फळांच्या पिशव्या, खडीसाखर आणि काचेच्या मोठ्या बरण्या शेजारीशेजारी मांडतात. टोकियोतल्या भाचीने परवा तसाच फोटो धाडला. उमेशूची, म्हणजे या फळांच्या गोड दारूची, कृती आपल्या लोणच्याहून सोपी: किलोभर फळं धुवायची, कोरडी पुसायची, देठाची काळपट टिकली काडीने टोकरून काढायची नि खडीसाखरेसह १.८ लिटर कडक दारूत बुडवायची. साधी साखर चालवून घेऊ नका. खडीसाखर सावकाश विरघळते, म्हणून फळ निवांत रस सोडतं. गंमत म्हणजे १९६२ पर्यंत हा घरगुती उद्योग बेकायदा होता! आजही मूळ दारू किमान २० टक्क्यांची लागते (बरणीत नव्याने काही आंबायला नको), आणि उमेच्या जागी द्राक्षं चालत नाहीत. सरकारने स्वयंपाकघरात इतपतच डोकावावं. सहा महिन्यांच्या आत झाकण उघडणाऱ्याला मात्र खुशाल दंड करावा.