'माझा' नेमका कोणाचा?

मित्रांनो, व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात तसा एक सोपा प्रश्न विचारतो. 'माझा' कोणाचा? हसू नका! मी आंब्याच्या त्या बाटलीबद्दल बोलतोय. आपल्यातले बहुतेक म्हणतील 'कोका-कोलाचा'. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील 'पार्लेचा'. खरं उत्तर असं, की तुम्ही कुठल्या देशात उभे राहून विचारताय, त्यावर ते ठरतं.

आपलं कोपर स्टेशनच घ्या ना. नाव एकच, पण खाली मेन लाईनची लोकल येते आणि वर वसई-दिवा-पनवेल मार्गाची गाडी. 'कोपरहून गाडी कुठे जाते?' असं कोणी विचारलं, तर आधी 'खालून की वरून?' हे विचारावं लागतं. कोल्ड्रिंकच्या ब्रँडचंही तसंच आहे. नाव तेच राहतं, पण हद्द ओलांडली की मालक बदलतो.

थोडा इतिहास. 1977 साली कोका-कोला भारतातून गेली आणि त्याच वर्षी पार्लेच्या चौहान बंधूंनी 'थम्स अप' आणलं. 1993 साली कोका-कोला परत आली, तेव्हा तिने चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा हे ब्रँड घेतले. यात 'माझा'ची गंमत वेगळी आहे. कोका-कोलाने घेतलेले हक्क भारतापुरते होते. अमेरिकेत आणि आखातात याच नावाचे हक्क वेगळ्याच कंपन्यांकडे गेले.

पुढे 2008 साली कोका-कोलाने तुर्कस्तानात 'माझा' नाव नोंदवायला अर्ज केला आणि ठिणगी पडली. चौहानांच्या बिसलेरी कंपनीने नोटीस पाठवून जुना करारच नाकारला. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. ऑक्टोबर 2009 मध्ये कोर्टाने बिसलेरीला हे नाव भारतात वापरायला मनाई केली, आणि निर्यातीसाठीसुद्धा! कारण माल परदेशात विकायचा असला, तरी बाटलीवर नाव इथे लागतं. म्हणजे तोही भारतातलाच वापर झाला.

हे एकट्या 'माझा'चं नाही बरं का. सेव्हन-अप आपल्याकडे पेप्सीकोचं, पण खुद्द अमेरिकेत ते केयुरिग डॉक्टर पेपर या कंपनीचं. श्वेप्स भारतात कोका-कोलाकडे, तर अमेरिकेत तेही केयुरिगकडे.

आता तुम्ही म्हणाल, आपण इंजिनिअर, आपल्याला काय त्याचं? इथेच माझं मत वेगळं आहे. आपला सगळा जीव मशीनमध्ये. बाटली भरण्याआधी पेय गार का करतात, तर थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, हे आपण झोपेतही सांगू. पण बाटली भरायची मशीन पैसे टाकले की कोणीही आणू शकतो. 1993 च्या सौद्यात खरी किंमत होती ती नावाची, आणि ते नाव कुठे चालेल या एका ओळीची.

नाव घेणाऱ्याला ते न वापरण्याचाही हक्क मिळतो, हेही विसरू नका. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून गेलंच. आपल्या मुंबईचं, 1889 पासूनचं 'ड्यूक्स' 1994 साली पेप्सीकडे गेलं, आणि मँगोला आता आई-बाबांच्या गप्पांतच भेटतं. चाहते हळहळले, पण हळहळणाऱ्याची कागदावर सही नसते!

विकणं वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. चौहानांनी कोल्ड्रिंकचे ब्रँड विकले, पण बिसलेरी पाणी स्वतःकडे ठेवलं आणि ते घराघरात नेलं. काय द्यायचं आणि काय राखायचं, हे ठरवता आलं पाहिजे, एवढंच.

आपल्यावरही ही वेळ येणार आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट एखादी कंपनी स्पॉन्सर करते. चार मित्र मिळून ॲप काढतात, त्याचं नाव एकाच्याच नावावर नोंदवतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी वीस पानी करार समोर येतो आणि आपण फक्त पगाराचं पान वाचतो. आयपीआरचा विषय तर आपण 'रट्टा मारून सुटेल' म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलतो. माझ्या मते तो थर्मोइतक्याच गंभीरपणे शिकायला हवा, आणि नुसत्या व्याख्या पाठ करण्याऐवजी 'माझा'सारखे खटले समोर ठेवून.

तोवर एक करा. सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा : आपण काय देतोय, कुठल्या हद्दीत देतोय आणि किती काळासाठी देतोय. ही तीन उत्तरं मिळेपर्यंत पेनाचं टोपण उघडू नका!