जुना चहा आणि फौजी जीभ

फौजेत चहा म्हणजे लंगरचा: मोठ्या पातेल्यात उकळलेला, दूध-साखरेने दाट, स्टीलच्या मगाने हात शेकत प्यायचा. त्यावर वाढलेल्या माणसाने चिनी पू-अरची बाजू घ्यावी, हे काही जुन्या सहकाऱ्यांना खटकतं. "सीमेवर त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि चहाही त्यांचाच प्यायचा?" माझं उत्तर आधी चवीचं आहे, मग भूगोलाचं.

पू-अर युन्नान प्रांतातला. आपला नेहमीचा चहा हवा लागून काळा पडतो. पू-अर खरोखर आंबतो, सूक्ष्मजीवांकडून, आंबोळीच्या पिठासारखा, फक्त फार सावकाश. पानं वाफवून, दाबून त्याच्या चकत्या करतात. रूढ चकती 357 ग्रॅमची, सात चकत्यांचा एक गठ्ठा. कच्चा प्रकार आधी कडवट-तुरट लागतो आणि वर्षानुवर्षं मुरून मवाळ होतो. 1973 च्या सुमारास कुनमिंगमध्ये ओल्या पानांचे ढीग घालून हेच काम दीड-दोन महिन्यांत उरकायची रीत बसवली गेली. नवख्याने या 'पक्क्या' प्रकारापासूनच सुरुवात करावी. पहिलं पाणी ओतून द्या. पुढे तीच पानं सात-आठ वेळा चालतात. रंग जवळजवळ कॉफीचा, वास पावसाने भिजलेल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा. आमच्या एका सुभेदारसाहेबांच्या मते भिजून वाळलेल्या तंबूचा. तेही चूक नाही! पण दुसऱ्या कपाला त्यांनीच मग पुढे केला.

जुन्या सालाच्या नावावर चालणारा बाजार मात्र मला पटत नाही. 2007 मध्ये चीनमध्येच या चहाचे भाव फुगून कोसळले. दमट जागी ठेवलेली जुनी चकती म्हणजे नुसती बुरशी, कागदावर साल कोणतंही छापलेलं असो.

आता भूगोल. पू-अरचं झाड मोठ्या पानांच्या असामिका जातीचं, आसामच्या मळ्यांत आहे तीच. आसामात मार्गारिटा, अरुणाचलात मियाओ, या पट्ट्यातले सिंगफो लोक पानं भाजून, उन्हात वाळवून बांबूच्या नळकांड्यात ठासतात आणि चुलीवर धुरात ठेवतात. हा फालाप. तोही वर्षानुवर्षं मुरतो. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामच्या चहाचा पत्ता लागला तो याच सिंगफोंकडून. युन्नानमधले जिंगपो त्यांचेच भाऊबंद.

तेव्हा चिनी चकती घ्यायला मन धजत नसेल, तर त्या बाजूला पोस्टिंग असलेल्या एखाद्या जवानाला सुट्टीवर येताना फालापचं नळकांडं आणायला सांगा. घरात मात्र आधीच बजावून ठेवा, दूध घालायचं नाही.