विश्लेषण : विदर्भातील गोठ्यासाठी ओटची कोणती जात फायद्याची?

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात 19 जिल्ह्यांचा समावेश आहे. दुधाळ जनावर गोठ्यात आले की नागपूर परिसरातील पशुपालकापुढे पहिला प्रश्न असतो तो हिवाळ्यातील हिरव्या चाऱ्याचा. त्यावर ओटची शिफारस होते. पण कोणती जात पेरायची आणि पुढच्या वर्षीचे बियाणे त्याच रानातून मिळेल का, याचे उत्तर सरळ नाही.

ओटची गरज का भासते?

ज्वारीचा पेरा घटला आणि घरचा कडबा संपला. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीच्या कामाच्या, गोठ्याच्या नाहीत. उरते ते सोयाबीन-तुरीचे कुटार आणि भंडारा-गोंदियाकडील धानाचे तणस. त्यावर जनावर तगते, दूध वाढत नाही. बरसीम पौष्टिक खरे, पण त्याला पाणी जास्त आणि थंडी लांबलेली लागते. ओट ऑक्टोबरअखेर पेरला तर 50 ते 55 दिवसांत पहिली कापणी मिळते.

जातींची तुलना कशी करायची?

केंट ही जुनी आणि सर्वदूर रुळलेली जात. झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेची जेएचओ-822 मध्य भारतासाठी, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आरओ-19 म्हणजे ‘फुले हरिता’ एकाहून अधिक कापण्यांसाठी ओळखली जाते. विक्रेते हेक्टरी हिरव्या चाऱ्याचा आकडा सांगतात. तो फसवा ठरू शकतो, कारण कोवळ्या ओटमध्ये पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणीच असते. दूध ठरते ते उरलेल्या सुक्या भागावर.

दुसरी गफलत याहून मोठी. अखिल भारतीय समन्वित चारा पिके संशोधन प्रकल्पात एका कापणीच्या, अनेक कापण्यांच्या आणि ‘एक कापणी, नंतर बियाणे’ अशा चाचण्या वेगवेगळ्या होतात. एका चाचणीतील आकडा दुसरीतील आकड्याशेजारी ठेवून जात निवडणे चुकीचे. रोज दोन-चार गायींना कापून घालणाऱ्याने पहिल्या कापणीपेक्षा दुसऱ्या फुटव्याकडे पाहावे. तिथे आरओ-19 सारखी जात उजवी.

चारा आणि बियाणे एकाच रानातून निघेल?

उत्तरेत निघते, नागपुरात जोखीम आहे. कापणीनंतर पीक पुन्हा फुटते, पण फुलोरा तितकाच लांबतो. पंजाब-हरियाणात तेव्हाही गारवा असतो. नागपुरात फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच ऊन चढू लागते, नेमका दाणा भरण्याच्या वेळी. दाणे पोचट राहतात आणि त्या बियाण्याची उगवण कमी होते. शिवाय भरपूर पाला देणाऱ्या उशिराच्या जाती नत्र जास्त पडल्यास लोळतात. म्हणजे चाऱ्यासाठी जो गुण, तोच बियाण्याच्या मुळावर येतो.

मग बियाणे दरवर्षी विकतच घ्यायचे?

तशी गरज नाही. ओट स्वपरागसिंचित आहे. सुधारित जातीचे घरचे बियाणे भेसळ न होऊ देता काही वर्षे वापरता येते. त्यासाठी रानाचा एक तुकडा मुळीच न कापता वेगळा राखावा. एकरी सुमारे 40 किलो बियाणे लागते. न कापलेल्या पिकातून हेक्टरी 20 क्विंटल उतारा धरला, तर दोन गुंठ्यांत 40 किलो, म्हणजे पुढच्या हंगामातील एका एकराची बेगमी होते. उतारा निम्मा आला तरी चार गुंठे पुरतात. हा तुकडा सर्वांत आधी पेरावा, त्याला नत्र बेताने द्यावे आणि दाणे झडण्याआधी कापणी उरकावी.

पहिली खरेदी मात्र डोळसपणे हवी. बाजारात नुसते ‘ओट’ म्हणून सुटे बियाणे विकले जाते. त्यात जात कोणती आणि उगवण किती, हे कळायला मार्ग नसतो. पिशवीवर जातीचे नाव, उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख असलेले लेबल पाहूनच पैसे मोजावेत. चाऱ्याच्या रानात पहिली कापणी जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर सोडून करावी. बुडापासून कापल्यास चांगल्या जातीचाही दुसरा फुटवा कमजोर येतो.