मेलेल्यांना हसू नये काय?

नोव्हेंबर महिना हा आपल्या परलोकवासी बांधवांच्या स्मरणाचा. त्या महिन्यात एका धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट दाखविण्याचे योजिले आणि वडीलधाऱ्यांनी तो ऐनवेळी रद्द करविला. मेलेली माणसे उठून चालू लागतात आणि प्रेक्षक हसतात, ही पुनरुत्थानाची विटंबना होय, असे कारण देण्यात आले. आम्हांस हे कारण मुळीच मान्य नाही.

प्रथम चित्रपटाविषयी. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी महाराष्ट्रातील चित्रगृहांत निम्म्याच आसनांना परवानगी होती. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. डोंबिवलीतील एका उंच इमारतीत अभियंता सुधीर आपल्या गर्भवती पत्नीसह राहावयास येतो. कुंपणापलीकडे जनतानगर नावाची झोपडपट्टी आहे आणि कथेच्या मुळाशी पाणी आहे. मग संसर्ग पसरतो, माणसे माणसांना चावू लागतात, आणि इमारतवाले व झोपडीवाले एकाच संकटात सापडतात. उत्तरार्धात सामाजिक संदेश जरा मोठ्याने सांगितला जातो, हे आम्ही कबूल करतो. तरीही विनोद मात्र शेवटपर्यंत आपल्या मातीतला राहतो.

आता विटंबनेचा मुद्दा. थट्टा सदैव तिरस्कारातूनच जन्मते, हा समज चुकीचा आहे. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढून या प्रकाराला आजचे रूप दिले. २००४ साली एडगर राइट आणि सायमन पेग या इंग्रज जोडीने ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये त्याची यथेच्छ मस्करी केली. रोमेरो रागावले काय? त्यांनी उलट पुढच्याच वर्षी आपल्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये या दोघांना झोंबींच्या छोट्या भूमिका दिल्या! ज्याला भयकथा मनापासून आवडते, त्यालाच तिच्यावर असे हसता येते. शिवाय आज नाके मुरडणाऱ्यांपैकी कितीजण १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तील तात्या विंचूला पाहून खो खो हसले होते? तेव्हा कोणाची श्रद्धा डळमळली नव्हती.

आणि पुनरुत्थान? लूककृत शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढून पाहावा. उठलेला प्रभू समोर उभा राहिला तेव्हा शिष्यांना भूत दिसल्याचा भास झाला. प्रभूने त्यांना हातपाय दाखविले आणि भाजलेला मासा मागून खाल्ला. बागेत मरियेने त्याला ओळखले ते त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा. पुनरुत्थित माणसाला नाव असते, ओळख असते, घाव असले तरी ते स्वतःचे असतात. झोंबीला यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ केवळ भूक असते. ज्या युवकाला हा भेद चित्रपट पाहून कळला, त्याला धर्मशिक्षणाच्या वर्गात अर्धे काम झालेले आढळेल. रद्द करणाऱ्यांनी हा संवाद होण्याआधीच दार लावून घेतले, हे आमचे मुख्य दुःख आहे.

दाराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०२० आणि २०२१ या वर्षांत आजारी शेजाऱ्याच्या दारावरून आपण कसे गेलो, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. कित्येक घरांतील माणसे आप्तांच्या अनुपस्थितीत मातीआड झाली. संसर्ग झालेल्या शेजाऱ्याला पाहून पळणारी माणसे पडद्यावर दिसली तेव्हा आम्ही हसलो, आणि हसता हसता खाली पाहिले. श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावी तर जनतानगर शोधावयास डोंबिवलीस जाणे नको. गळिताच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. पाण्यासाठी हंडा घेऊन आलेल्या बाईला कोणाच्या फाटकाशी किती वेळ उभे राहावे लागते, हे ज्याने त्याने आठवावे. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजरसाचा दाखला आपण मिस्सेत ऐकतो. तोच दाखला चित्रगृहात ऐकू आला तर कान का झाकावे?

आक्षेपच घ्यावयाचा होता तर जागा दुसरी होती. २०१३ सालच्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटात झोंबी गोव्याजवळच्या बेटावर, नशेच्या मेजवानीतून उपजतात. गोवा म्हणजे नशा आणि नाच, हे समीकरण हिंदी पडद्याने किती वर्षे चालविले आहे! त्याविरुद्ध आपल्या सभागृहांत कोणी आवाज उठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, हे आम्हांसही मान्य आहे. रक्तपात पुष्कळ आहे. दहावीच्या पुढील मुलांना अवश्य दाखवावा. २ नोव्हेंबरला सकाळी कबरींवर मेणबत्त्या लावाव्यात, सायंकाळी चित्रपट लावावा, आणि नंतर चहाच्या वेळी धर्मगुरूंनी मुलांमध्ये बसावे. ज्या वडीलधाऱ्यांनी खेळ रद्द करविला त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतील खुर्च्या राखून ठेवाव्यात.